शिट्टी, संघटना आणि सज्जातील माणूस

सामन्याचा निवाडा करणाऱ्यास मराठीत आपण पंच म्हणतो. माणूस एक असला तरी शब्द पाचांचा आहे. गावकीच्या न्यायास पाच जण बसत, दोन्ही पक्षांचे ऐकून घेत, आणि मग जे ठरे त्यास ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणून लोक मान तुकवीत. फुटबॉलमधील ‘रेफ्री’ या शब्दाचे मूळ याहून फारसे निराळे नाही. इंग्लंडात हा खेळ नियमांनी बांधला गेला त्या प्रारंभीच्या काळात प्रत्येक संघ आपापला एक अंपायर नेमी. त्या दोघांचे एकमत झाले नाही म्हणजे वाद ज्याच्याकडे सोपवावयाचा, तो रेफ्री. तो रेषेबाहेर उभा असे आणि विचारल्यावाचून बोलत नसे. १८९१ साली नियम बदलले. रेफ्री मैदानाच्या आत आला, दोन्ही अंपायर रेषेवर जाऊन लाइन्समन झाले, आणि ज्याला विचारावयाचे तो आता न विचारता बोलू लागला. खेळाचा वेग वाढत होता. प्रत्येक आक्षेपासाठी सभा भरविणे शक्यच नव्हते. तथापि न्यायासनापुढे जे दोन पक्ष उभे असत त्यांचीही वाट त्या दिवशी अरुंद झाली. तिसरा जो पक्ष, म्हणजे पैसे देऊन उन्हापावसात उभा राहणारा प्रेक्षक, त्याला तर तेथे कधीच जागा नव्हती.

या तिसऱ्या पक्षाच्या रागाचा इतिहास पाहावयाचा तर आपल्या देशात कलकत्त्याच्या मैदानाइतके दुसरे ठिकाण नाही. ‘मैदान’ हे तेथे विशेषनामच आहे. गंगाकाठी, फोर्ट विल्यमच्या भोवती पसरलेली ती हिरवळ म्हणजे शंभराहून अधिक वर्षे त्या शहराचे दुसरे न्यायालय होऊन राहिली आहे.

इंडियन फुटबॉल असोसिएशन ही संस्था तेथे १८९३ साली स्थापन झाली. नाव साऱ्या हिंदुस्थानचे, पण अंमल मुख्यतः बंगालपुरता. आणि प्रारंभी तिचा कारभार जवळजवळ सर्वस्वी युरोपियनांच्या हाती. त्याच वर्षी तिची ढाल-स्पर्धा, म्हणजे आय. एफ. ए. शील्ड, सुरू झाली. १८९८ साली लीग आली. संघ बहुतेक पलटणींचे आणि गोऱ्या क्लबांचे. रेफ्रीही बहुधा त्यांच्यातलेच. अशा दरबारात २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानच्या अकरा खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला दोन विरुद्ध एक गोलांनी हरविले. त्यांपैकी दहा जण अनवाणी होते. पहिला गोल पलटणीचा होता. तो शिवदास भादुरी यांनी फेडला आणि अगदी शेवटी अभिलाष घोष यांनी दुसरा केला. मैदानाभोवती जमलेल्या हजारोंपैकी पुष्कळांना खेळ दिसतही नव्हता. झाडांवर माणसे लटकली होती, आणि दूरच्यांना गोलांचा आकडा कळावा म्हणून पतंग उडविले गेले असे सांगतात. या विजयाची कथा आपण नेहमी राष्ट्रीय अभिमानाची कथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात एक दुसरा धागाही आहे. न्यायाधीश परका असूनही खटला जिंकता येतो, असे त्या गर्दीला त्या दिवशी प्रथम वाटले. तसे वाटले म्हणूनच पुढे हरताना तिचा संशय अधिक तीव्र झाला.

संशयाला कारणेही मिळत गेली. १९२३ साली मोहन बागान पुन्हा शील्डच्या अंतिम सामन्यास पोचले. प्रतिस्पर्धी कलकत्ता फुटबॉल क्लब. पावसाने मैदानाचे तळे झालेले. बूट घालणाऱ्यास चिखल ही अडचण, अनवाणी खेळणाऱ्यास ती शिक्षाच. सामना झाला, आणि मोहन बागान तीन गोलांनी हरले. त्याच वर्षी तो संघ आमच्या मुंबईस रोव्हर्स चषकासाठी आला आणि तेथेही अंतिम फेरीपर्यंत गेला. त्यावरून त्याच्या कसाची कल्पना यावी. अशा सामन्यात एखादी चूक रेफ्रीची असते, एखादी पावसाची. पण सामना कोणत्या दिवशी आणि कशा जमिनीवर व्हावा हे जी मंडळी ठरविते तिचेच नातेवाईक समोरच्या संघात असले, तर प्रेक्षक पावसालाही पक्षपाती म्हणू लागतो. मला तरी त्यात फारसे नवल वाटत नाही.

लीगच्या पहिल्या श्रेणीत दोनाहून अधिक देशी संघ असू नयेत असाही एक नियम त्या काळी होता. त्यास मैदानावरील कोणताच निकाल पुरा पडत नसे. १९२० साली स्थापन झालेल्या ईस्ट बंगाल क्लबाने १९२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून वर येण्याचा हक्क मिळविला तेव्हा हा नियमच आडवा आला. बरीच रदबदली झाली, नियम मागे घेतला गेला, आणि १९२५ पासून ईस्ट बंगाल वरच्या श्रेणीत खेळू लागले. त्या क्लबाच्या पाठीराख्यांनी ही गोष्ट पुढे तीन पिढ्या विसरली नाही. चुकीच्या शिट्टीने सामना जातो. पण खेळण्याचा हक्कच जेव्हा कागदावरच्या एका ओळीने अडविला जातो, तेव्हा ती ओळ लिहिणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी कायमची बदलते.

१९३४ साली मोहमेडन स्पोर्टिंगने लीग जिंकली. हा मान मिळविणारा तो पहिला देशी संघ. त्यानंतर सलग चार वर्षे, म्हणजे १९३८ पर्यंत, लीग त्यांच्याकडेच राहिली. आणि येथे इतिहासाला एक वळण मिळते. तोवर असोसिएशनच्या कारभारात देशी माणसांचा वाटा पुष्कळ वाढला होता. गोऱ्यांचे वर्चस्व ओसरत होते. तेव्हा तक्रारीही ओसरावयास हव्या होत्या. झाले उलटेच. १९३९ साली रेफ्रींचे निर्णय आणि असोसिएशनचा कल यांविरुद्ध निषेध म्हणून मोहमेडन स्पोर्टिंग, ईस्ट बंगाल आणि आणखी काही क्लब लीगमधून बाहेर पडले. त्या वर्षीची लीग मोहन बागानने जिंकली, आणि ती त्यांची पहिलीच लीग होती. आता आरोप करणारे देशी, ज्यांच्यावर आरोप तेही देशी. परक्या सत्तेमुळे न्याय मिळत नाही असे म्हणण्याची सोय संपली होती, आणि तरीही कोणाचे समाधान झाले नव्हते. याचे कारण माझ्या मते असे की, खुर्चीवरचा माणूस बदलला तरी खुर्ची तीच राहिली. दाद मागावयाची ती ज्याच्याविरुद्ध मागावयाची त्याच्याकडेच. आणि ती मागण्याचा अधिकार क्लबाला, प्रेक्षकाला मुळीच नाही.

फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे कलकत्त्यास आले. त्यांचे घर गेले, शेत गेले. ईस्ट बंगाल नावाचा एक संघ मात्र राहिला. पश्चिमेकडचे ‘घोटी’ मोहन बागानचे आणि पूर्वेकडचे ‘बांगाल’ ईस्ट बंगालचे, अशी वाटणी पक्की झाली. एक जिंकला म्हणजे बाजारात कोळंबी, दुसरा जिंकला म्हणजे हिलसा. आकाशवाणीवरून अजय बसू, पुष्पेन सरकार यांच्या बंगाली धावत्या वर्णनाने ही चुरस खेड्यापाड्यांतील चहाच्या दुकानांपर्यंत नेली. जे मैदानावर कधी गेले नव्हते त्यांनाही रेफ्रीचा निर्णय चुकल्याची खात्री असे. ऐकणाऱ्याचा राग पाहणाऱ्याहून कमी नसतो. किंबहुना डोळ्यांनी शंका घ्यावयास वाव नसल्यामुळे तो अधिकच शुद्ध असतो.

१६ ऑगस्ट १९८० हा दिवस मात्र विनोदाने सांगण्यासारखा नाही. ईडन गार्डन्सवर या दोन संघांचा लीगचा सामना होता. सज्जांत दोन्ही बाजूंचे पाठीराखे एकत्र बसविले गेले होते. मैदानावर ईस्ट बंगालचे दिलीप पालित आणि मोहन बागानचे बिदेश बोस यांची झटापट झाली. रेफ्रीने दोघांनाही बाहेर काढले. ठिणगी एवढीच. पण सज्जात तोवर दगड-विटा सुरू झाल्या होत्या, आणि मग पळापळ. अरुंद वाटांवरून खाली उतरणारी गर्दी एकमेकांना तुडवीत गेली. काहींनी वरून उड्या टाकल्या. सोळा प्रेक्षक मरण पावले. सामना कोणीच जिंकला नाही. एकही गोल झाला नाही.

त्या दिवसाबद्दल बोलताना रेफ्रीचा निर्णय बरोबर होता की चूक, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. लाल पत्र दाखविल्याने माणसे मरत नाहीत. एकमेकांचे हाडवैरी मानल्या जाणाऱ्या दोन जमावांना एकाच सज्जात, मध्ये अडसर न ठेवता बसविणे, बाहेर पडावयाच्या वाटा पुरेशा न ठेवणे, हे निर्णय शिट्टीच्या कितीतरी आधी, कचेरीत झालेले होते. गर्दीचा राग मात्र जे समोर दिसते त्यावरच पडतो. आणि समोर दिसतो तो एक शिट्टीवाला किंवा शेजारी बसलेला, दुसऱ्या रंगाचा झेंडा घेतलेला माणूस. कचेरी सज्जातून दिसत नाही. मन्ना डे यांनी पुढे या सोळा जणांविषयी एक बंगाली गीत गाइले. १६ ऑगस्ट हा दिवस कलकत्त्यात फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळतात, आणि त्या दिवशी रक्तदान होते.

यानंतरच्या काळात यंत्रे आली. २०१४ च्या विश्वचषकात चेंडूने गोलरेषा ओलांडली की नाही हे यंत्राने ठरू लागले. २०१८ मध्ये पडद्यावर चित्र पाहून निर्णय फिरविण्याची सोय झाली. १९६६ सालच्या वेम्बलीवरील इंग्लंडच्या तिसऱ्या गोलाचा वाद जन्मभर घालणारी पिढी हे पाहून सुखावली असेल. आमच्याकडील कलहांचे मूळ मात्र चेंडूच्या ठिकाणात क्वचितच असते. ९ डिसेंबर २०१२ रोजी सॉल्ट लेकवरील सामन्यात मोहन बागानच्या ओडाफा ओकोली यांना बाहेर काढले गेले, प्रेक्षकांतून आलेल्या दगडाने त्याच संघाचे रहीम नबी जखमी झाले, आणि मोहन बागानने उत्तरार्धात उतरण्यास नकार दिला. अखिल भारतीय महासंघाने प्रथम त्यांना लीगमधून दोन वर्षांसाठी काढले. पुढच्याच महिन्यात ती शिक्षा मागे घेऊन दोन कोटी रुपये दंड केला आणि तोवरचे गुण पुसून टाकले. मूळ शिक्षा कडक होती की नंतरची सौम्य, यावर दुमत होईल. पण दोन वर्षांचे एक महिन्यात दोन कोटी कसे झाले, याचा हिशेब तिकीट काढून बसलेल्यास कोण देणार?

३ मार्च २०२३ रोजी बंगळुरूत याचीच निराळी आवृत्ती घडली. बाद फेरीच्या सामन्यात केरळच्या संघाची फळी अजून उभी राहावयाची होती, तोच सुनील छेत्री यांनी फ्री किक मारून गोल केला. रेफ्रीने तो मान्य केला आणि केरळ ब्लास्टर्स मैदान सोडून गेले. महासंघाने क्लबास चार कोटी रुपयांचा दंड केला आणि प्रशिक्षकास दहा सामन्यांची बंदी.

स्वतः महासंघाचीही झाडाझडती झाली नाही असे नाही. मुदत संपूनही निवडणुका न झाल्यामुळे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुने पदाधिकारी दूर करून प्रशासक नेमले. त्यावर बाहेरचा हस्तक्षेप म्हणून जागतिक संघटनेने, फिफाने, ऑगस्टमध्ये भारतालाच निलंबित केले. निलंबन अकरा दिवसांत उठले आणि सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक ठरल्याप्रमाणे भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे झाला. पण त्या अकरा दिवसांत गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या होत्या. त्यांना एकही सामना न खेळता परतावे लागले. अपराध कचेरीचा आणि शिक्षा खेळाडूला, हा न्याय कोणत्या पंचायतीत बसतो ते मला उमगत नाही.

१८ ऑगस्ट २०२४ रोजी ड्यूरँड चषकात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना ठरला होता. आर. जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टरच्या हत्येने शहर पेटलेले होते, आणि प्रेक्षक स्टेडियममध्ये घोषणा देतील अशी चिन्हे होती. बंदोबस्ताचे कारण देऊन सामना रद्द करण्यात आला. त्या संध्याकाळी दोन्ही क्लबांचे पाठीराखे तरीही सॉल्ट लेकच्या बंद दारांबाहेर आले, मोहमेडनचेही आले. पिवळे-लाल आणि हिरवे-तांबडे झेंडे एकत्र होते. एका क्लबाच्या माणसाला दुसऱ्या क्लबाच्या माणसाने खांद्यावर घेतल्याची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी देशभर छापली गेली. पोलिसांनी लाठ्या चालविल्या. न झालेल्या सामन्याचा एकेक गुण दोन्ही संघांना वाटून देण्यात आला.