पाणबुड्याचे घड्याळ आणि आपले मनगट

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्या एका भाच्याला नोकरीला लागून नुकतेच वर्ष झाले होते. साठलेल्या पैशांतून स्वतःसाठी एक घड्याळ घ्यावे असे त्याच्या मनात आले, आणि घड्याळही साधेसुधे नव्हे, तर पाणबुड्यांचे म्हणून विकले जाणारे, पुरते ४६ मिलिमीटर व्यासाचे. तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "मामा, तुम्ही जुन्या घड्याळांविषयी नेहमी वाचत असता. एवढे मोठे घड्याळ मला शोभेल का, तेवढे सांगा." मग थोडे थांबून म्हणाला, "लहानपणापासून सगळे मला काडीपैलवान म्हणत आले आहेत."

प्रश्न वरून घड्याळाचा होता. आतून तो मनगटाचा होता. आपल्या मराठी भाषेने मनगटावर फार मोठे ओझे ठेवले आहे. कर्तबगारी सांगायची तर आपण मनगटातील बळ म्हणतो, दांडगाई सांगायची तर मनगटशाही म्हणतो. अशा भाषेत वाढलेल्या मुलाचे मनगट बारीक असले, तर त्यावर काही भारदस्त बांधावे असे त्याला वाटणे स्वाभाविकच आहे. त्याला हसण्यात अर्थ नाही. गंमत अशी की, पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपात मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई आणि पुरुष खिशात घड्याळ बाळगीत. खंदकांत लढणाऱ्या शिपायाला खिशात हात घालून वेळ पाहणे परवडेना, तेव्हा कोठे ते पुरुषाच्या मनगटावर स्थिरावले. म्हणजे पुरुषार्थाची जी खूण म्हणून आज आपण घड्याळाकडे पाहतो, ती अवघी शंभर-सव्वाशे वर्षांची आहे.

भाच्याला उत्तर देण्यापूर्वी आम्ही त्याला हे घड्याळ मोठे का झाले ते सांगितले. तेच आज आपणापुढे मांडतो. एखादी वस्तू कोणत्या गरजेपोटी जन्मली हे कळले, म्हणजे ती आपल्याला हवी की नको हे ठरविणे बरेच सोपे जाते.

इटलीतील फ्लॉरेन्स शहरी पानेराई नावाचे घराणे घड्याळांच्या आणि सूक्ष्म उपकरणांच्या व्यवसायात होते. इटलीच्या आरमाराला ते अंधारात दिसणारी उपकरणे पुरवीत असे. १९३५-३६ च्या सुमारास आरमाराला पाण्याखाली काम करणाऱ्या सैनिकांसाठी घड्याळ हवे झाले. पानेराईने त्यासाठी रोलेक्स कंपनीकडून केस घेतली. तिचा व्यास होता ४७ मिलिमीटर. त्या काळी पुरुषांची मनगटी घड्याळे बहुधा ३० ते ३५ मिलिमीटरच्या आसपास असत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकाराचा धाडसीपणा ध्यानी येतो. परंतु त्यात मिरवण्याचा हेतू नव्हता. आतील यंत्र मुळात खिशातल्या घड्याळाचे, म्हणून मोठे. तबकडी मोठी, कारण रात्रीच्या गढूळ पाण्यात आकडे दिसले पाहिजेत. आणि त्या आकड्यांना रेडियमयुक्त रंग दिलेला, कारण तेथे दुसरा प्रकाश नाही. पट्टा लांब, कारण तो उघड्या हातावर नव्हे, तर पोशाखाच्या जाड बाहीवरून बांधायचा. या घड्याळाचा प्रत्येक जादा मिलिमीटर अंधाराशी हिशेब करून आलेला होता.

हे पाणबुडे करीत काय, ते एका रात्रीवरून कळेल. १८ डिसेंबर १९४१ च्या रात्री अलेक्झांड्रिया बंदरात सहा इटालियन पाणबुडे शिरले. दोघे-दोघे मिळून एका संथ चालणाऱ्या पाण्याखालच्या वाहनावर घोड्यावर बसावे तसे बसले होते. त्यांच्यापैकी लुइजी दुरांद दे ला पेन्ने याचा जोडीदार वाटेत दुरावला आणि वाहनही बंद पडले. तेव्हा त्याने ते जड धूड एकट्याने, तळाच्या चिखलातून ओढीत, 'व्हॅलियंट' या ब्रिटिश युद्धनौकेच्या पोटाखाली नेले. वर येताच तो पकडला गेला. इंग्रजांनी त्याला आणि त्याच्या जोडीदाराला त्याच नौकेच्या तळाशी कोंडले. सुरुंगाची वेळ जवळ आली तेव्हा त्याने कप्तानाला निरोप पाठवून सांगितले, की नौकेत लवकरच स्फोट होईल, माणसे वाचवा; सुरुंग कोठे आहे हे मात्र सांगितले नाही. स्फोट झाला, 'व्हॅलियंट' आणि 'क्वीन एलिझाबेथ' या दोन्ही नौका निकामी होऊन उथळ बंदराच्या तळाला टेकल्या, आणि दे ला पेन्ने जगला. पुढे १९४५ साली, इटलीने पक्ष बदलल्यानंतर, त्याच्या छातीवर शौर्यपदक लावले ते त्याच 'व्हॅलियंट'च्या कप्तान मॉर्गन यांनी. मनगटातील बळ म्हणतात ते हे. ते ४७ मिलिमीटरच्या केसमध्ये मावत नाही, आणि दुकानातून विकतही मिळत नाही.

युद्ध संपले. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्यात श्वास घेण्याचे साधन तयार केले होते. शांततेच्या काळात ते सर्वसामान्य हौशी माणसाच्या हाती आले. त्याबरोबर एक नवा धोका आला. पाण्यात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३० मीटरवर एकूण दाब चौपट होतो आणि टाकीतील हवाही पृष्ठभागाच्या चौपट वेगाने संपते. शिवाय खाली जितका वेळ राहावे तितका नायट्रोजन रक्तात आणि पेशींत मुरतो. घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे होऊन माणूस लुळा पडतो, प्रसंगी मरतो. म्हणून पाणबुड्याला आता किती वाजले याच्याशी कर्तव्य नसते. आपण खाली येऊन किती मिनिटे झाली, एवढेच त्याला कळावे लागते.

याचे उत्तर १९५३ साली मिळाले. फ्रेंच आरमाराच्या पाणबुड्या तुकडीचे माल्युबिए आणि रिफो हे दोघे अधिकारी हव्या तशा घड्याळाच्या शोधात होते. स्वित्झर्लंडमधील ब्लांपँ कंपनीचे प्रमुख फिश्तर हे स्वतः हौशी पाणबुडे. एकदा वेळेचे भान न राहून पाण्याखालीच त्यांची हवा संपत आली होती, असे सांगतात. त्यांच्या कारखान्यात 'फिफ्टी फॅदम्स' हे घड्याळ तयार झाले. व्यास सुमारे ४२ मिलिमीटर, काळी तबकडी, ठसठशीत आकडे, आणि काचेभोवती फिरणारे एक कडे. बुडी मारताना कड्यावरील खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. मग काटा कड्यावर किती पुढे गेला तेवढी मिनिटे झाली. पुढे हे कडे एकाच दिशेने फिरेल असे करण्यात आले. चुकून धक्का लागला तरी गेलेला वेळ जास्तच दिसावा, कमी कधीच दिसू नये, हा त्यातील विचार. त्याच वर्षी रोलेक्सचे 'सबमरीनर' निघाले. ते तर ३८ मिलिमीटरच्या आसपासच होते. आजच्या दुकानात त्याला कोणी मोठे म्हणणार नाही.

येथे एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. घड्याळ जितके रुंद तितके ते खोल पाण्यात टिकते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः प्रकार उलटा आहे. १०० मीटर खोलीवर पाण्याचा जादा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलो असतो. काचेचा व्यास ३ सेंटिमीटर धरला तर तिचे क्षेत्रफळ ७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तिच्यावर ७० किलोंचा, एका धडधाकट माणसाच्या वजनाइतका भार. काच रुंद केली की भार वाढतो आणि ती आणखी जाड करावी लागते. रुंदी ही वाचण्यासाठी, जाडी ही खोलीसाठी. २३ जानेवारी १९६० रोजी पिकार आणि वॉल्श हे दोघे 'त्रिएस्त' या यानातून प्रशांत महासागराच्या जवळजवळ ११ किलोमीटर खोल तळाशी उतरले, तेव्हा यानाच्या बाहेर बांधलेल्या रोलेक्सच्या घड्याळाची काच घुमटासारखी फुगीर आणि प्रचंड जाड होती. ते घड्याळ चालू स्थितीत वर आले. पण ते कोणाच्या मनगटासाठी नव्हतेच.

गरजेतून आलेल्या मोठेपणाचे आमच्या मते सर्वांत प्रामाणिक उदाहरण जपानचे आहे. १९६८ साली हिरोशिमा भागातील कुरे येथील एका पाणबुड्याने सेइको कंपनीला पत्र लिहून कळविले, की आपल्यासारख्या फार खोल काम करणाऱ्यांना तुमची घड्याळे पुरी पडत नाहीत. कंपनीने सात वर्षे खपून १९७५ साली ६०० मीटरचे घड्याळ काढले. ते ५० मिलिमीटरहून रुंद. पण टायटॅनियमचे, म्हणून पोलादाच्या मानाने हलके. पट्ट्याला पेटीच्या भात्यासारख्या घड्या. खोल पाण्यात रबरी पोशाख दाबाने चेपतो आणि सैल झालेले घड्याळ हातावर घसरू लागते. घड्यांचा पट्टा त्याबरोबर आपोआप आवळतो. या घड्याळाचे कान, म्हणजे पट्टा अडकवण्यासाठी केसला वर-खाली निघालेले फाटे, बाहेर जवळजवळ दिसतच नाहीत. त्यामुळे एवढे थोरले घड्याळही पुष्कळ लहान मनगटांवर नीट बसते.

पुढे १९८० च्या दशकात पाणबुड्यांसाठी खोली आणि वेळ यांचा हिशेब ठेवणारी छोटी संगणकयंत्रे आली आणि घड्याळाचे मुख्य काम संपले. काम संपल्यावर घड्याळ लहान व्हावे, तर ते वाढू लागले! पानेराईने १९९३ साली सामान्य ग्राहकांसाठी घड्याळे काढली. सिल्व्हेस्टर स्टॅलोन या अमेरिकन नटाने ती १९९६ च्या एका चित्रपटात मनगटावर मिरविली, आणि पाहता पाहता ४४ व ४७ मिलिमीटरची घड्याळे न पोहणाऱ्यांच्या हातांवरही दिसू लागली. अलीकडे लाट पुन्हा ओसरत आहे; २०१८ साली ट्यूडर कंपनीने काढलेले ३९ मिलिमीटरचे पाणबुडी घड्याळ लोकांना फार आवडले. फॅशन अशी येते आणि जाते. मनगट मात्र तेच राहते.

तेव्हा ठरवावे कसे? या बाबतीत आपल्या कासाराकडून शिकण्यासारखे आहे. बांगडी भरताना तो मनगटाचा घेर मोजीत बसत नाही. तो हात दाबून पाहतो, कारण बांगडी अडते ती पंजाच्या हाडांशी. नेमके कोणते माप कामाचे, हे त्याला ठाऊक असते. घड्याळाचे कामाचे माप व्यास नव्हे. वरच्या कानाच्या टोकापासून खालच्या कानाच्या टोकापर्यंतचे अंतर हे खरे माप. ते मनगटाच्या वरच्या सपाट भागाच्या रुंदीपेक्षा अधिक असू नये. अधिक असले तर कान हवेत लोंबतात, पट्टा हाताला न टेकता सरळ खाली पडतो, आणि घड्याळ बांधलेले न दिसता ठेवलेले दिसते.

दुसरे, जाडी. पूर्ण बाहीच्या सदऱ्याच्या कफाखाली ते जाते का, ते पाहावे. तिसरे, पंजा मागे वळवून पाहावा. चावी हाताच्या पाठीत रुतत असेल तर ते रोज रुतणार आहे. चौथे, माप सकाळच्या गारव्यात घेऊ नये. वैशाखाच्या दुपारी मनगट थोडे फुगते. आणि शेवटचे, हातच्या काकणाला आरसा कशाला असे आपण म्हणतो, पण हातच्या घड्याळाला मात्र आरसा हवा. डोळ्यांजवळ हात धरला की घड्याळ आहे त्याहून मोठे दिसते. लोक आपल्याला पाहतात ते चार पावलांवरून.

आम्ही भाच्याच्या मनगटाचे माप घेतले. घेर १६ सेंटिमीटर, वरचा सपाट भाग ४८ मिलिमीटर. त्याला हव्या असलेल्या घड्याळाचे कानापासून कानापर्यंतचे अंतर होते ५४. जुन्या लग्नपत्रिकेची तेवढी पट्टी कापून त्याच्या हातावर ठेवली. दोन्ही टोके हवेत राहिली. तो बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत बसला. मग म्हणाला, "म्हणजे माझे मनगट लहान आहे." आम्ही म्हटले, "नाही रे, पट्टी लांब आहे."

आठवडाभराने तो ४० मिलिमीटरचे घड्याळ घेऊन आला. ते त्याच्या हातावर असे बसले होते की ते नवे आहे हे सांगावे लागले. उरलेल्या पैशांत तो मालवणजवळ तारकर्लीला जाऊन समुद्रात बुडी मारण्याचे प्राथमिक शिक्षण घेऊन आला. परत आल्यावर त्याने सांगितलेली हकीकत आम्हांला फार आवडली. पाण्यात उतरण्यापूर्वी रबरी पोशाखाच्या बाहीवरून तो घड्याळ बांधू लागला, तर पट्टा पुरेना. शेवटी घड्याळ काठावर ठेवावे लागले. शिकविणाऱ्याच्या हातावर संगणकयंत्र होतेच.

"मामा," तो हसत म्हणाला, "तिथे मात्र ते मोठे घड्याळच शोभले असते."

श्रोतेहो, याहून अधिक आम्हांला सांगायचे नाही.