अल्पदाब हॅलोजन प्रकाशयोजना

घरगुती वीजपुरवठ्याचा विद्युतदाब रोहित्राच्या, म्हणजेच ट्रान्सफॉर्मरच्या, साहाय्याने बहुधा १२ व्होल्टपर्यंत उतरवून त्यावर हॅलोजन दिवे लावण्याच्या पद्धतीस अल्पदाब हॅलोजन प्रकाशयोजना म्हणतात. दुकानांतील मांडणी, चित्रदालने व छतात बसवायचे दिवे यांसाठी ती वापरली जाते. २०, ३५ व ५० वॅटचे दिवे विशेष प्रचलित आहेत. दिव्याचा प्रकाश व आयुष्य त्याच्या टोकांशी प्रत्यक्ष मिळणाऱ्या दाबावर अवलंबून असल्याने पुरवठा, रोहित्र व तारा यांचा मेळ साधणे आवश्यक ठरते.

पुरवठ्याचा दाब

लोहगाभ्याचे साधे रोहित्र दाब ठरावीक प्रमाणात उतरवते. तो १२ व्होल्टवर स्थिर राखत नाही. २२० व्होल्टसाठी बनवलेले रोहित्र २४० व्होल्टवर जोडल्यास सुमारे १३.१ व्होल्ट मिळतात. दाब ५ टक्क्यांनी वाढल्यास प्रकाश वाढतो, परंतु टंगस्टनच्या तंतूचे आयुष्य जवळपास निम्मे होते. दाब कमी पडल्यास प्रकाश मंद व पिवळसर होतो. तो फारच कमी असल्यास, बाष्पीभूत टंगस्टन तंतूकडे परत आणणारे हॅलोजन चक्र नीट चालत नाही आणि दिव्याची काच काळवंडू शकते.

रोहित्राची क्षमता

रोहित्राची क्षमता व्होल्ट-अँपिअरमध्ये देतात. ती सर्व दिव्यांच्या एकूण वॅटपेक्षा कमी नसावी. ५० वॅटच्या चार दिव्यांना किमान २०० व्होल्ट-अँपिअरचे रोहित्र लागते. मात्र मोठ्या रोहित्रावर एकच दिवा लावल्यास दाब १२ व्होल्टच्या वर जातो. चारांपैकी एक दिवा गेल्यावर तो लवकर बदलणे यासाठीच हिताचे असते. इलेक्ट्रॉनिक रोहित्रांना किमान भारही लागतो. हॅलोजनच्या जागी कमी वॅटचे एलईडी दिवे लावल्यास ते लुकलुकण्याचे वा न लागण्याचे हे एक सामान्य कारण आहे.

तारा

दाब कमी असल्याने विद्युतधारा मोठी असते. ५० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर सुमारे ४.२ अँपिअर, तर तेवढ्याच वॅटचा दिवा २३० व्होल्टवर केवळ ०.२२ अँपिअर धारा घेतो. वरील चार दिवे ५ मीटर अंतरावर २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने जोडल्यास तारेतच सुमारे १.२ व्होल्ट खर्ची पडतात. त्यामुळे रोहित्र दिव्यांजवळ ठेवतात, किंवा प्रत्येक दिव्यास स्वतंत्र तार देतात.

सुरक्षितता

१२ व्होल्टचा विजेचा धक्का सहसा धोकादायक नसतो. तथापि मोठ्या धारेमुळे सैल जोड तापून आग लागू शकते. म्हणून १२ व्होल्टच्या बाजूसही योग्य फ्यूज आवश्यक असतो. रोहित्राभोवती हवा खेळती ठेवावी लागते.