परवान्याची पुस्तिका आणि जुन्या रेडिओचा भाव

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ विकायला काढणारा माणूस आज सहसा इंटरनेटवरच्या जाहिराती चाळतो आणि तिथला सर्वांत मोठा आकडा आपल्या रेडिओला लावतो. तो आकडा मागणीचा असतो. व्यवहार कितीला झाला, हे जाहिरात सांगत नाही. तीच जाहिरात महिनोन् महिने दिसत राहिली, तर त्या भावाला गिऱ्हाईक नाही एवढेच समजावे. भाव ठरवायला याहून पक्का आधार आहे. तो म्हणजे त्या विशिष्ट रेडिओचा इतिहास.

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. रेडिओ बाळगण्याचे परवाना शुल्क वर्षाला १० रुपये होते. उत्पन्नातून खर्च भागेना. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि प्रसारण सरकारने हाती घेतले. १९३३ च्या कायद्याने तर विनापरवाना रेडिओ नुसता जवळ ठेवणेही गुन्हा ठरवले. त्यामुळे सेकंडहँड रेडिओ स्वस्तात मिळाला, तरी सरकारचे वार्षिक देणे चुकत नसे. पोस्टात शुल्क भरायचे, पुस्तिकेत तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यायचा, हा शिरस्ता १९८० च्या दशकात परवाना रद्द होईपर्यंत चालला.

या पुस्तिकेत परवानाधारकाचे नाव-पत्ता असे, रेडिओची बनावट आणि क्रमांक असे, आणि वर्षावर्षाचे शिक्के असत. म्हणजे रेडिओ कोणत्या गावात होता आणि किती वर्षे वापरात होता, याची ती सरकारी नोंदच होय. घराण्याच्या आठवणीत ‘आजोबांनी स्वातंत्र्याच्या आधी घेतला’ असलेला रेडिओ पुस्तिकेत कधी १९५० नंतरचा निघतो, तर कधी आठवणीला पुरावा मिळतो.

पुस्तिका नसेल तर यंत्रालाच विचारावे लागते. डायलच्या काचेवरची केंद्रांची नावे तो कोणत्या बाजारपेठेसाठी बनला, ते सांगतात. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता. तेव्हा आतल्या पट्टीवर इंग्लंडचे नाव आहे की भारताचे, हे पाहावे. मूळ व्हॉल्व्ह, मागचा पुठ्ठा, बटणे आणि काच शाबूत असतील तर भाव चढतो. काच फुटली तर तशीच दुसरी मिळणे कठीण. लाकडी पेटीला नवे चकचकीत पॉलिश दिले की किंमत वाढते, हा समज खरा नाही. जाणकार संग्राहक मूळ रंगालाच अधिक मोल देतो. ‘चालू स्थितीत’ लिहिण्यासाठी अनेक वर्षे बंद असलेला रेडिओ थेट विजेला जोडू नये. जुने कंडेन्सर निकामी झालेले असतात आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आधी मेकॅनिककडून तपासून घ्यावा. तेवढे जमत नसेल, तर ‘तपासलेला नाही’ असे लिहून भाव कमी ठेवावा.

पुराव्याचे महत्त्व ग्रामोफोनच्या बाजारात अधिक स्पष्ट दिसते. पेटीवजा पोर्टेबलची मोटर नव्या लाकडी चौकटीत बसवून वर पितळी कर्णा लावलेले ‘अँटिक’ ग्रामोफोन आपल्याकडे सर्रास विकले जातात. तिथे घेणारा जुनेपणाचे पैसे मोजतो आणि घरी नवा कर्णा नेतो.

नाशिकच्या जुन्या भागात वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. माळा रिकामा करताना रेडिओ एकाकडे जातो, पुस्तिका रद्दीत जाते. ती वाचलीच, तर तिकीटसंग्राहकासाठी तिकिटे कापून घेतली जातात. तिघांनाही थोडे पैसे मिळतात. पण ‘हा रेडिओ या गल्लीत इतकी वर्षे वाजत होता’ हे विधान करण्याची सोय संपते. आपल्या शहरात रेडिओ कोणाच्या घरी, कधी आला, याचा इतिहास लिहायचा तर अशा पुस्तिकांखेरीज घरोघरचे दुसरे साधन फारसे नाही.

म्हणून विकणाऱ्यांनी एवढे करावे: क्रमांक जुळवून पुस्तिका रेडिओसोबतच द्यावी, तिच्या सर्व पानांची छायाचित्रे स्वतःकडे ठेवावीत आणि भाव दोन्ही मिळून सांगावा. घेणारा थोडे अधिक देईल. नाही दिले, तरी पुस्तिका वेगळी काढू नये.