यल्दा नाईट काय असते? वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री इराणमध्ये जेवणानंतर कविता का वाचतात?

डिसेंबर संपत आला की इन्स्टाग्रामवर लाल रंगाने सजलेल्या टेबलांचे रील दिसू लागतात. सोललेली डाळिंबं, कापलेलं कलिंगड, सुकामेवा, मेणबत्त्या आणि मधोमध एक पुस्तक. ही तयारी असते 'शब-ए-यल्दा'ची.

यल्दा म्हणजे काय?

'शब' म्हणजे रात्र आणि 'यल्दा' या मूळच्या सिरियाक शब्दाचा अर्थ जन्म. २०-२१ डिसेंबरची ही वर्षातली सर्वांत मोठी रात्र. तेहरानमध्ये ती सव्वाचौदा तासांच्या आसपास असते, मुंबईत साधारण १३ तासांची. यानंतर दिवस मोठा होऊ लागतो, म्हणजे सूर्याचा जणू नवा जन्म. एवढ्या लांब, काळोख्या रात्री कुणी एकटं राहू नये, म्हणून सगळे घरातल्या वडीलधाऱ्यांकडे जमतात. २०२२ मध्ये युनेस्कोने इराण आणि अफगाणिस्तानची ही परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

जेवायला काय असतं?

अनेक घरी 'फेसेंजान' होतं. अक्रोड आणि डाळिंबाच्या रसात शिजवलेली ही आंबटगोड चिकनची भाजी भातासोबत वाढतात. कलिंगड मात्र हवंच. उन्हाळ्यातलं हे फळ आज खाल्लं की थंडी बाधत नाही, अशी समजूत आहे.

कविता कशी वाचतात?

पुस्तक असतं १४व्या शतकातला शिराझचा कवी हाफिज याच्या गझलांचं. आपल्याकडे देवाला कौल लावतात, तसाच हा प्रकार. त्याला 'फाल' म्हणतात. मनात एक प्रश्न धरायचा आणि डोळे मिटून पान उघडायचं. जी गझल निघेल ती मोठ्याने वाचायची. मग घरातलं कुणी मोठं माणूस तिचा अर्थ सांगतं.

यातली खरी गंमत म्हणजे कविता कुणी निवडतच नाही. त्यामुळे पाठांतर दाखवायची किंवा छाप पाडायची स्पर्धा लागत नाही. आजी, शाळकरी नातू, लाजरा पाहुणा, सगळ्यांची पाळी येते. नोकरी लागेल का, लग्न जमेल का, असे प्रश्न मनातच राहतात, पण त्यावर सगळे मिळून बोलतात.

मराठीशी काय नातं?

गझल मराठीत रुजवणारे माधव ज्यूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक होते. १९२५ मध्ये त्यांचा 'फारसी-मराठी कोश' प्रसिद्ध झाला.

घरी करायचंय?

• आठ-दहा जणच बोलवा. त्यात एकटं राहणारं कुणी असेल तर आधी त्यांना फोन करा.
• डाळिंबं या दिवसांत बाजारात सहज मिळतात. फेसेंजान जमत नसेल तर हुरडा, पिठलं-भाकरीही चालेल.
• एकच पुस्तक ठेवा. सुरेश भट, बहिणाबाई किंवा इंदिरा संत, कुणाचंही.
• जेवणं उरकल्यावर पुस्तक फिरवा. निघेल ती कविता वाचायची, पान बदलायचं नाही.
• ज्याला वाचायचं नाही, त्याच्यासाठी शेजारच्याने वाचावं. मनातला प्रश्न मात्र कुणी विचारू नये.
• रील काढायचंच असेल तर जेवणाआधी काढा. कॅमेरा सुरू असला की माणसं मोकळी बोलत नाहीत.