सहपालन, मत्स्यालयातील
भांडखोर व शांत मासे एकाच टाकीत पाळणे. आक्रमकता हा जातीवरचा कायमचा शिक्का समजला जातो. प्रत्यक्षात ती जागा, विणीचा काळ आणि समोरच्या माशाचे रूप यांवर ठरते. प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झ यांनी १९६३ च्या ग्रंथात प्रवाळमाशांच्या निरीक्षणावरून दाखवले, की हे मासे परक्यांपेक्षा स्वजातीयांवरच अधिक तुटून पडतात. फायटर माशाचा नर दुसरा नर दिसताच कल्ले फुगवतो, पण तळाशी चरणाऱ्या कोरीडोरास माशाकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही. झुबकेदार शेपटीचा रंगीत गप्पी मात्र त्याला प्रतिस्पर्धी वाटू शकतो.

लहानपणापासून एकत्र वाढवले की मासे सरावतात, असा आक्षेप काही जण घेतात. ॲमेझॉन खोऱ्यातल्या ऑस्कर माशापुढे तो टिकत नाही. ऑस्कर सुमारे ३० सेंमी.पर्यंत वाढतो, निऑन टेट्रा जेमतेम ३-४ सेंमी.; टेट्राला गिळणे ही भांडणाची नव्हे, भुकेची बाब आहे आणि भूक ओळखीने टळत नाही. मलावी सरोवरातील भांडखोर म्बुना मासे दाटीने ठेवल्यास मार विभागला जातो, हे खरे; पण ती बरोबरीच्यांतली वाटणी, शिवाय वाढत्या अमोनियासाठी दमदार फिल्टर लागतो. शांत मासा अशा टाकीत एकही जखम न होता खंगतो : हीटरमागे अंग चोरून राहतो, रंग उतरतो, दाणे पडले तरी बाहेर येत नाही. दगडांची मांडणी बदलून नवा मासा सोडल्यास जुन्याची हद्द काही काळ मोडते. तरीही दुसरी टाकी हाताशी असावीच.