औंधहून नैरोबीला

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ शिकवताना औंध संस्थान ही केवळ पार्श्वभूमी म्हणून सांगून आपण पुढे जातो. या संस्थानाचा एक राजपुत्र केनियातील रक्तरंजित संघर्षाचा जवळचा साक्षीदार होता, हे मात्र वर्गात सांगायचे राहून जाते. ‘शांतता व संघर्ष अभ्यास’ ही ज्ञानशाखा आफ्रिकेविषयी जे प्रश्न विचारते, त्यांतला मूळ प्रश्न या मराठी माणसापुढे फार आधी उभा राहिला होता.

आप्पासाहेब पंत (१९१२–१९९२) हे राजे भवानराव पंतप्रतिनिधींचे चिरंजीव. ऑक्सफर्डला शिकलेले बॅरिस्टर. १९३९ मध्ये भवानरावांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. गावपंचायत हा नव्या घटनेचा पाया होता आणि या प्रयोगात मॉरिस फ्रीडमन यांच्यासमवेत आप्पासाहेबांचा मोठा वाटा होता. सत्ताधाऱ्याने आपण होऊन सत्ता सोडावी, हे त्यांनी घरातच पाहिले होते.

१९४८ साली ते ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. तेथे चित्र नेमके उलटे होते. उंचावरची सुपीक जमीन गोऱ्यांसाठी राखलेली. किकुयू लोक त्याच परिसरात मजूर झालेले. आफ्रिकी पुरुषाला ‘किपांडे’ हा ओळखपरवाना बाळगण्याची सक्ती. जोमो केन्याटा आणि म्बियू कोइनांगे यांच्याशी पंतांचा स्नेह जुळला. ब्रिटिशांना तो रुचणे शक्यच नव्हते. १९५४ मध्ये पंतांना केनिया सोडावा लागला.

तत्पूर्वी, २० ऑक्टोबर १९५२ रोजी, तेथे आणीबाणी पुकारली गेली होती. माऊ माऊ बंडखोरांनीही क्रौर्य केले; मार्च १९५३ मधील लारीच्या हत्याकांडात बळी पडले ते प्रामुख्याने किकुयूच. हे झाकून संघर्षाचा अभ्यास होत नाही. परंतु शासनाने हजाराहून अधिक जणांना फाशी दिले, असंख्यांना छावण्यांत डांबले, आणि बंडाला रानटीपणा व मनोविकृती ठरवून जमिनीचा प्रश्न बाजूला सारला.

त्या काळाची दडवलेली सरकारी कागदपत्रे २०११ मध्ये उजेडात आली. डेव्हिड अँडरसन, कॅरोलाइन एल्किन्स आणि ह्यू बेनेट हे इतिहासकार लंडनच्या न्यायालयात तज्ज्ञ साक्षीदार ठरले. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने खेद व्यक्त करून ५,२२८ पीडितांना भरपाई मान्य केली. विद्यापीठातील संशोधनाने वृद्धांच्या साक्षीला बळ द्यावे, याहून मोठे सार्थक अभ्यासकाच्या आयुष्याचे कोणते असू शकते?

साकोलीच्या परिसरात बसून हे लिहिताना मालगुजारी तलाव आठवतात. केनिया पेटण्याच्या आदल्याच वर्षी, १९५१ मध्ये, आपल्याकडील मालगुजारी कायद्याने संपली. त्यातून सारे प्रश्न सुटले, असे कोणी म्हणणार नाही. पण जमिनीचा प्रश्न कायदेमंडळात मांडता आला, त्यासाठी जंगलात शस्त्र घेऊन जावे लागले नाही. केनियात तो मार्ग बंद होता.

मराठीत ‘शांतता’ म्हणजे सलोखा, आणि नुसती निःशब्दताही. आणीबाणीला हवी होती ती दुसरी. या दोन अर्थांतला फरक ओळखायला शिकवणे हे भाषेच्या शिक्षकाचेही काम आहे.