फ्लॉपी-ड्राइव्हांची परस्परानुकूलता : साधनचिकित्सेच्या दृष्टीने काही विचार

खाजगी दप्तरांत आणि संस्थांच्या अभिलेखांत कागदांच्या जोडीने फ्लॉपी-तबकड्यांची खोकीही आता अभ्यासकांच्या हाती येऊ लागली आहेत. ह्या तबकड्या दिसावयास सारख्या, मापाने सारख्या आणि पुष्कळदा एकाच कारखान्यातून आलेल्या असतात. तथापि एका यंत्राने लिहिलेली तबकडी दुसऱ्या यंत्रास वाचता येईलच असे नाही. ह्या विसंवादामुळेच जुना मजकूर हातचा गेला, असे सामान्यतः मानण्यात येते. प्रस्तुत लेखकास हे मत अपुरे वाटते. ज्या यंत्रांत संपूर्ण विसंवाद होता, त्यांनी परस्परांच्या तबकड्यांस फारशी इजा केली नाही. अधिक हानी झाली ती अर्धवट संवाद असलेल्या यंत्रांकडून.

प्रथम विसंवादाचा उगम पाहू. आयबीएम कंपनीने १९७१ साली आठ इंची फ्लॉपी प्रचारात आणली ती मोठ्या संगणकांत नियंत्रक आज्ञा भरण्यापुरती. तो ड्राइव्ह केवळ वाचीत असे. लिहू शकणारा ड्राइव्ह १९७३ साली ‘३७४०’ ह्या माहिती-नोंदणीच्या यंत्राबरोबर आला. त्याच्या तबकडीवर ७७ ट्रॅक, म्हणजे समकेंद्री वर्तुळे, असत; प्रत्येक ट्रॅकचे २६ भाग आणि प्रत्येक भागात १२८ बाइट. ही मांडणी इतरांनीही उचलली. सीपी/एम ह्या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या यंत्रांत आठ इंची तबकड्यांची देवघेव होऊ शके ती ह्या एका मांडणीमुळे.

अशी सर्वमान्य मांडणी सव्वापाच इंची तबकडीच्या वाट्यास आली नाही. शुगार्ट असोसिएट्सने १९७६ साली ‘एसए ४००’ हा लहान ड्राइव्ह काढला. त्याची ३४ तारांची जोडणी पुढे जवळजवळ सर्वांनी स्वीकारली. परंतु तबकडीवर काय आणि कसे लिहावयाचे हे ज्याचे त्याने ठरविले. ॲपलकरिता स्टीव्ह वॉझ्निअॅक ह्यांनी १९७८ साली रचिलेला ‘डिस्क टू’ हे ह्याचे बोलके उदाहरण होय. त्यांनी शुगार्टचाच यांत्रिक सांगाडा घेतला, त्यातील बरीचशी विद्युत्-मंडले वगळली आणि ते काम प्रोग्रॅमवर सोपविले. ट्रॅकचा आरंभ दाखविणारे तबकडीतील छिद्रही त्यांनी उपयोगात आणले नाही. खर्च कमी झाला, साठवणही वाढली; आरंभी ट्रॅकमागे १३ भाग होते, ते १९८० साली १६ झाले. मात्र ह्या पद्धतीचे संकेत इतरांच्या ठराविक नियंत्रक-चिपांना उलगडत नसत. कमोडोरचा १९८२ सालचा ‘१५४१’ ड्राइव्ह अशाच गटसंकेत-पद्धतीचा. पण त्याच्या बाहेरील ट्रॅकवर २१ आणि आतील ट्रॅकवर १७ भाग असत. फिरण्याचा वेग कायम ठेवून तो लिहिण्याची गती बदलीत असे. उलटपक्षी १९८४ सालच्या मॅकिंटॉशने साडेतीन इंची तबकडीचा फिरण्याचा वेगच ट्रॅकागणिक बदलला. ह्या भेदामागे परक्यांस दूर ठेवण्याचा हेतू शोधण्याचे फारसे कारण दिसत नाही. सुट्या भागांची किंमत आणि साठवणीचा हव्यास एवढ्याने त्याचा उलगडा होतो.

असा संपूर्ण विसंवाद तबकडीस बहुधा मानवतो. १९८५ सालच्या अमिगा यंत्राची तबकडी घ्या. ते यंत्र संपूर्ण ट्रॅक एका दमात लिही आणि भागाभागांत सोडावयाची नेहमीची मोकळी जागा गाळी. त्यामुळे ७२० किलोबाइटांच्या तबकडीवर ८८० किलोबाइट मावत. आयबीएम घडणीच्या संगणकात ती घातली असता वाचनदोष दर्शविला जाई आणि तबकडी होती तशी बाहेर येई. अँडी वॉरहॉल ह्या चित्रकाराने १९८५ च्या सुमारास अमिगावर काढलेली चित्रे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक-मंडळाने त्याच्या तबकड्यांतून वर काढली व ते वृत्त २०१४ साली प्रसिद्ध झाले. जवळजवळ तीन दशके ह्या तबकड्या कोणास सहजी वाचता आल्या नाहीत, पण त्याबरोबरच सहजी बिघडविताही आल्या नाहीत. (मॅकिंटॉश मात्र अपरिचित तबकडी दिसताच ती नव्याने आखू काय, असे विचारीत असे. घाईने होकार देणाऱ्याचा दोष यंत्राच्या माथी मारता येणार नाही.)

आता अर्धवट संवादाकडे वळू. आयबीएमच्या १९८१ सालच्या वैयक्तिक संगणकात १६० किलोबाइटांची एका बाजूची तबकडी असे. १९८३ पर्यंत दोन्ही बाजू आणि ट्रॅकमागे नऊ भाग मिळून ती ३६० किलोबाइटांची झाली. ट्रॅक ४०, एका इंचात ४८ ह्या दाटीने. १९८४ साली ‘एटी’ हा नमुना आला, त्याचा ड्राइव्ह १.२ मेगाबाइटांचा. त्यात ट्रॅक ८०, इंचास ९६, आणि तबकडीचे फेरे मिनिटास ३०० ऐवजी ३६०. जुनी तबकडी ह्या ड्राइव्हात चालावी अशी योजना होती. हेड एकाआड एक ट्रॅकांवर थांबे, आणि वाढलेल्या फेऱ्यांचा मेळ बसावा म्हणून माहितीची गती सेकंदास २५० ऐवजी ३०० किलोबिट धरली जाई. वाचन बिनबोभाट होई.

लेखनात मात्र गोम होती. नव्या ड्राइव्हचे हेड जुन्याच्या सुमारे निम्म्या रुंदीचे. जुन्या ड्राइव्हने रुंद पट्टा लिहिलेला असे. नव्याने त्याच्या मधोमध अरुंद पट्टा लिहिला की दोन्ही कडांस जुन्या लेखनाचे अवशेष उरत. नव्या ड्राइव्हास आपलाच मजकूर दिसे. तीच तबकडी जुन्या यंत्रात परत नेली म्हणजे त्याचे रुंद हेड नवे लेखन आणि जुने अवशेष एकदमच उचली व दोहोंचा गोंधळ होऊन वाचनदोष उत्पन्न होई. ताम्रपटावरील पूर्वीचा लेख ठोकून सपाट करावा, त्यावर नवे दानपत्र कोरावे, आणि जुन्या अक्षरांच्या रेषा मधूनमधून डोकावत राहाव्या, तसाच हा प्रकार. तबकडी कोरी असून प्रथमच नव्या ड्राइव्हात आखली गेली, तर कडांना अवशेष नसल्याने ती दोन्हीकडे बहुधा चाले. ह्यामुळे दोष कधी उद्भवे, कधी उद्भवत नसे, आणि वापरणाऱ्यास त्याचे कारण उमगत नसे.

साडेतीन इंची तबकडीतही असेच घडले. १.४४ मेगाबाइटांच्या तबकडीस ओळखीचे एक जादा छिद्र असते. आयबीएमने १९८७ साली आणलेल्या पीएस/२ मालिकेतील अनेक ड्राइव्ह ते छिद्र तपासीतच नसत. त्यांत ७२० ची तबकडी १.४४ ची म्हणून आखता येई. छिद्र तपासणाऱ्या इतर यंत्रांत तीच तबकडी निरुपयोगी ठरे, आणि बिघडली समजून पुन्हा आखली जाण्याचा संभव असे.

महाराष्ट्रातील दप्तरांच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. आपल्याकडील कचेऱ्या, छापखाने व शिक्षणसंस्थांत आयबीएम घडणीची यंत्रेच बहुसंख्य होती. जुनी एक्सटी आणि नवी एटी शेजारी-शेजारी चालत. म्हणजे अर्धवट संवादाचा धोका येथील तबकड्यांस अधिक.

आज ह्या तबकड्या वाचण्यास क्रायोफ्लक्स, ग्रीझवीझल ह्यांसारखी साधने उपलब्ध आहेत. ती मांडणीचा अर्थ लावण्याच्या भानगडीत न पडता चुंबकीय बदलांचा कालक्रम जसाच्या तसा टिपतात. अर्थ मागाहून प्रोग्रॅम लावतो. परंतु कोणत्या ड्राइव्हमधून टिपावयाचे हा प्रश्न उरतोच. शेवटचे लेखन १.२ मेगाबाइटांच्या ड्राइव्हने झाल्याचा संशय असेल, तर ३६० ची तबकडीदेखील ८० ट्रॅकांच्या ड्राइव्हातच वाचावी. अरुंद हेड कडांचे अवशेष बव्हंशी टाळते. तत्पूर्वी लेखन बंद करावे. सव्वापाच इंची तबकडीची खाच झाकली असता लेखन बंद होते, आठ इंचीची खाच उघडी असता. साडेतीन इंचीची खिडकीही उघडीच असावी लागते. ह्यात गल्लत करणे फार सोपे आहे. मजकूर बाहेर आल्यावर देवनागरीचे कोडे वेगळेच : तो १९९१ च्या इस्की प्रमाणानुसार आहे की एखाद्या विशिष्ट फाँटच्या संकेतात, हे पाहावे लागते. तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल. तूर्त दप्तराच्या सूचीत तबकडीचे माप आणि वरील चिठ्ठीचा मजकूर एवढ्यावर न थांबता ती कोणत्या यंत्रांतून फिरली ह्याचीही नोंद करावी. ही माहिती तबकडीवर क्वचितच लिहिलेली असते, ती वापरणाऱ्या व्यक्तीस विचारूनच मिळवावी लागते.